शाळेत दारूविषयी शिकवल्याने मुले खरोखरच दारूपासून दूर राहतात का?

प्रश्न विचारणारे पालक सोलापुरातील एका माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहेत. आठवी-नववीच्या मुलांना दारूविषयी शाळेतच शिकवावे असा प्रस्ताव संघापुढे आला आहे आणि काही पालक "नसते विषय मुलांच्या डोक्यात कशाला घालता" असे म्हणत आहेत. अशा शिकवण्याचा उपयोग होतो का, आणि दारू सोडलेल्या एखाद्या गृहस्थांचे व्याख्यान मुलांपुढे ठेवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी शाळेत 26 वर्षे विज्ञान शिकवले. वर्गात निम्म्याहून अधिक मुले यंत्रमाग कामगारांची आणि विडी वळणाऱ्या बायकांची असत. त्या अनुभवावरून सांगते, की उपयोग होतो, पण आपल्याकडे हे काम बहुधा ज्या पद्धतीने उरकले जाते त्या पद्धतीने होत नाही.

ती पद्धत तुमच्याही ओळखीची असेल. 26 जूनला जागतिक अमली पदार्थ विरोधी दिन येतो, त्या दिवशी प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, परिपाठाला शपथ घेतली जाते आणि चित्रकला स्पर्धेत कवटी व बाटली काढणाऱ्याला पहिले बक्षीस मिळते. मीही हे सगळे केले आहे. एका वर्षी मी प्रयोगशाळेत निरोगी यकृताचे आणि दारूने खराब झालेल्या यकृताचे अशी दोन मोठी चित्रे लावून मुलांना रांगेने दाखवली. मुले हसत-ढकलत पुढे सरकली, एक मुलगा मात्र मागे रेंगाळला आणि सगळे गेल्यावर त्याने विचारले, "बाई, असं झालेलं काळीज परत चांगलं होतं का?" त्याचे वडील रोज रात्री पिऊन येतात हे मला माहीत होते, पण चित्र लावताना ते माझ्या मनातही आले नव्हते. सुरुवातीच्या टप्प्यात पिणे थांबवले तर यकृत बरेचसे सुधारते, सिरॉसिस (यकृत कायमचे कडक होणे) झाल्यावर मात्र ते पूर्ववत होणे अवघड असते, हे मी त्याला सांगितले, आणि ते खरेही होते. परंतु त्या उत्तराचे त्या मुलाने करायचे काय, याचा विचार मी घरी जाताना सिटी बसमध्ये बसून पहिल्यांदा केला. मुलांनी पुढे पिऊ नये म्हणून मांडलेल्या प्रदर्शनातून त्या मुलाला मिळाली ती फक्त वडिलांच्या मरणाची भीती.

नुसती भीती घालून भागत नाही, हे केवळ माझे मत नाही. अमेरिकेत 1983 मध्ये लॉस एंजेलिस येथे 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, ज्यात गणवेशातील पोलीस अधिकारी वर्गात येऊन मुलांना व्यसनांविषयी सांगत. तो हजारो शाळांत पोहोचला, पालकांना आवडला, पण पुढे झालेल्या एकामागून एक अभ्यासांत तो घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही, आणि अखेर तो मुळापासून बदलावा लागला. याउलट युरोपातील सात देशांत 'अनप्लग्ड' या नावाने बारा तासिकांचा कार्यक्रम 12 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी त्यांच्याच प्रशिक्षित शिक्षकांनी घेतला, तेव्हा दारू पिऊन झिंगण्याचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या शाळांपेक्षा कमी राहिले. त्यात माहिती होतीच, पण अधिक भर नकार देण्याच्या सरावावर, स्वतः निर्णय घेण्यावर आणि 'सगळेच पितात' हा समज तपासून पाहण्यावर होता. मात्र तोच कार्यक्रम ब्राझीलने आपल्याकडे आणला, तेव्हा तो घेतलेल्या मुलांत पहिल्यांदा दारू चाखणाऱ्यांचे प्रमाण उलट अधिक निघाले. त्यामुळे तुमच्या संघातील शंकेखोर पालकांना हसण्यावारी नेऊ नका. वाईट रीतीने शिकवले तर नुकसान होऊ शकते, हे त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

तरीही "मुलांच्या डोक्यात नको ते घालता" हा आक्षेप सोलापुरात टिकणारा नाही. आपल्या मुलांना ताडी कुठे मिळते हे ठाऊक असते, हातभट्टीचा वास ओळखता येतो आणि क्वार्टरचा भावही माहीत असतो, कारण कित्येकांना घरातूनच बाटली आणायला पिटाळलेले असते. हातभट्टीसाठी ओळखल्या जाणाऱ्या, सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्याचे नाव न ऐकलेला मुलगा मला भेटलेला नाही. (तिथे 2021 मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेऊन भट्ट्या मोडण्याबरोबरच त्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न केला, हेही मुलांना सांगावे. हातभट्टीच्या बातम्यांत बहुधा छापे आणि नष्ट केलेले रसायन एवढेच येते.)

मुलांना माहीत नसते ते वेगळेच असते, आणि ते म्हणजे आपल्या वयाची किती मुले पीत नाहीत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात 10 ते 75 या वयोगटातील सुमारे 27.3 टक्के पुरुष मद्य घेतात, पण 10 ते 17 या वयाच्या मुला-मुलींत हे प्रमाण 1.3 टक्के आहे. घरी येऊन विचारणाऱ्यांना मुले कितपत खरे सांगतात ही शंका घेऊन हा आकडा कितीतरी पटींनी वाढवला, तरी न पिणारेच भरमसाट जास्त उरतात. मी नववीच्या वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्यांवर दोन प्रश्न विचारत असे: आपल्या वर्गातील किती जणांनी दारू चाखली असेल, आणि तू चाखली आहेस का? पहिल्या प्रश्नाला बहुतेक चिठ्ठ्यांवर 'निम्मी तरी' अशा अर्थाचे उत्तर येई, आणि दुसऱ्याच्या होकारार्थी चिठ्ठ्या एका हाताच्या बोटांवर मोजता येत. फळ्यावर ही मोजदाद मुलांनीच करायची. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरे, तशी माझ्या कोणत्याही व्याख्यानाने कधी पसरली नाही.

दुसरी गोष्ट नकाराच्या सरावाची, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ यालाच द्यावा. 'दारूला नाही म्हणा' असे फलकावर लिहिणे सोपे आहे, पण दहावीचा शेवटचा पेपर झाल्यावर मित्रांबरोबर ढाब्यावर बसलेल्या मुलाने नेमके कोणते शब्द उच्चारायचे, हे कोणी शिकवत नाही. मी मुलांकडूनच प्रसंग घेत असे: वाढदिवस, थर्टी फर्स्ट, मिरवणुकीनंतरची रात्र, मामाच्या गावची जत्रा. मग एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने निसटायचे आणि बाकीच्यांनी ते पटण्यासारखे होते की नाही ते सांगायचे. "मला आवडत नाही" हे उत्तर दुसऱ्या आग्रहाला कोसळते, असे मुलांनीच शोधून काढले. सर्वांत जास्त टाळ्या मिळवणारे उत्तर अस्सल सोलापूरचे होते: "आज रात्री आमच्याकडं पाणी येणाराय, मी नसलो तर आई घरात घेणार नाही." चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात या कारणावर कोणी वाद घालत नाही. हे उत्तर खोटे आहे, म्हणून काही सहकाऱ्यांनी नाक मुरडले. मला मात्र चौदा वर्षांच्या मुलाकडून तत्त्वनिष्ठ भाषणाची अपेक्षा ठेवण्यापेक्षा तो त्या रात्री सुखरूप घरी पोहोचणे महत्त्वाचे वाटते. मुलींचे प्रसंग वेगळे निघत. प्यायलेल्या चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागे बसायला नकार कसा द्यायचा, हा प्रश्न एका मुलीने मांडला तेव्हा पुढची अख्खी तासिका त्यावरच गेली, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही.

माहिती द्यायची ती थोडी आणि खरी द्यावी. मद्य हे कर्करोगास कारणीभूत ठरणारे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच नोंदवले आहे. परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. हातभट्टीत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असले तर माणूस आंधळा होतो किंवा दगावतो, आणि 2015 मध्ये मुंबईत मालवणी येथे अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. याच्या जोडीला बेशुद्ध पडलेल्या मित्राचे काय करायचे हेही शिकवावे: त्याला कुशीवर वळवून ठेवायचे, एकटे सोडायचे नाही, उतारा म्हणून लिंबूपाणी किंवा ताक तोंडात ओतायचे नाही आणि बोलणी बसतील म्हणून न घाबरता 108 ला फोन करायचा. असे शिकवणे म्हणजे पिण्याला परवानगी देणे, असे एका पालकांनी मला सुनावले होते. मला ते पटले नाही.

कायदा दोन वाक्यांत सांगून होतो. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी 21, तर इतर मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 77 नुसार अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्या व्यक्तीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसरे वाक्य मुलांपेक्षा पालकसभेत वाचून दाखवा.

ज्या घरात दारू आहे त्या मुलाचा विचार आधी करा, हे मी त्या चित्रांच्या प्रसंगानंतर शिकले. "कोणाचे वडील पितात, हात वर करा" असे विचारणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि वडिलांकडून 'दारू सोडतो' असे संकल्पपत्र सही करून आणायला सांगणाऱ्या शाळाही पाहिल्या आहेत. अशा पत्रापायी मार खाल्लेला मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. वडिलांचे पिणे ही मुलाची चूक नाही आणि ते सोडवणे हे मुलाचे काम नाही, हे शिक्षकाने स्पष्ट शब्दांत म्हणावे, आणि चाइल्डलाइनचा 1098 व व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446 हे क्रमांक फळ्यावर सर्वांसाठी लिहावेत, म्हणजे ते उतरवून घेताना कोणी एकटा उघडा पडत नाही.

वेळ आणि माणसे यांविषयी: सातवीच्या उत्तरार्धात किंवा आठवीत सुरुवात करा, नववीत उजळणी घ्या, आणि आठवड्याला एक याप्रमाणे आठ-दहा तासिका ठेवा. बाहेरून वक्ते शोधू नका. आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात 2020 पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची तरतूद आहे आणि त्याच्या विषयांत व्यसनप्रतिबंधही येतो. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तुमच्याकडे असे कोणी आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा. शाळेने एकटीने सगळे साधेल असेही समजू नका. आइसलँडमध्ये 15-16 वर्षांच्या मुलांत महिन्याभरात झिंगल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण 1998 मध्ये 42 टक्के होते, ते 2016 पर्यंत 5 टक्क्यांवर आले; त्यामागे धड्यांपेक्षा संध्याकाळची मैदाने, संगीताचे वर्ग आणि मुलांना रात्री उशिरा बाहेर न सोडण्याविषयी पालकांनी आपसांत केलेले करार यांचा वाटा मोठा होता. आपल्या पूर्व भागात संध्याकाळी सात ते दहा मुलांनी जायचे कुठे, याचे उत्तर अभ्यासिका सोडली तर फारसे सापडत नाही.

एखादा मुलगा पिऊन आलेला सापडलाच, तर त्याच्या हातात दाखला ठेवण्याचा ठराव कृपया करू नका. शाळा सुटलेला मुलगा आठवड्याभरात कारखान्यात जातो, त्याला दर शनिवारी रोख पगार मिळू लागतो आणि पगाराच्या संध्याकाळी मोठे कामगार त्याला कुठे नेतात हे सोलापूरकरांना सांगायला नको.

आता व्याख्यानाविषयी. दारू सोडलेल्या गृहस्थांना जरूर बोलवा, पण पालकसभेत, कारण त्यांचे बोलणे ज्यांना लागू पडते ती माणसे तिथे बसलेली असतात. मुलांपुढे असे एक व्याख्यान आम्ही ठेवले होते. ते गृहस्थ कळकळीने बोलले, वीस वर्षे कशी वाया गेली ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले, आणि शेवटी मुख्याध्यापकांनी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. दुसऱ्या दिवशी मी वर्गात कालच्या कार्यक्रमातून काय लक्षात राहिले असे विचारले, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, "वीस वर्षं पिऊनपण माणूस एकदम फिट होता की, बाई."