४ लाखांचं पॅकेज आणि हातात २५ हजार

लातूरहून येऊन तू हिंजवडीत पहिलीच नोकरी करतोयस. ५,५०० शैक्षणिक कर्जाचा हप्ता, १० हजार घरी, मग महिनाअखेर उसनवारी. आता मावसभावाची खोली सोडायची आहे, आणि दोन मित्र वाकडला २७ हजार भाड्याचा टूबीएचके तिघांत घेऊ म्हणताहेत. ‘घरी खरा पगार सांगायची लाज वाटते,’ असं लिहिलंस, ते वाचून जीव कळवळला.

फ्लॅट आत्ता नको. १ लाख डिपॉझिटमधला तुझा तिसरा हिस्सा, दलालीचे ९ हजार, पहिलं भाडं ९ हजार, म्हणजे किल्ली हातात यायच्या आधीच ५१ हजार गेले. पुढे वीज, गॅस, वायफाय, स्वयंपाकाच्या मावशी, किराणा धरला की ९ हजारांची खोली साडेचौदा हजारांना पडते. ऑफिसपासून चालत जाता येईल असा, दोन वेळचं जेवण देणारा पीजी साडेनऊ हजारांपर्यंत बघ. जेवण चार दिवस खाऊन बघ, मगच डिपॉझिट दे. दरमहा ४ हजार बाजूला पडले तर वर्षभरात फ्लॅटचा विचार करता येईल.

फ्लॅट घेशील तेव्हा करारात तिघांचीही नावं हवीत. एकट्याच्या नावावर असला तर एखादा मित्र मध्येच सोडून गेल्यावर पूर्ण भाडं ज्याचं नाव आहे त्याच्याच गळ्यात येतं. ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे हाच भाड्याचा करार) नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. वरच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क सुमारे ८०० रुपये आणि शहरात नोंदणी फी १,०००. त्यामुळे ‘फार खर्च येतो’ हे ऐकून घेऊ नकोस. मेंटेनन्स आणि टँकरचं पाणी भाड्यात धरलंय का, सोडताना रंगाचे किती कापणार, हे लिहूनच घे. ताबा घेताना बाथरूमची ओल, नळ आणि वीजमीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठव. डिपॉझिट बहुतेकदा याच गोष्टींवरून अडतं.

आणि आता बाबांबद्दल. पगाराची स्लिप आणि ऑफर लेटर घेऊन त्यांच्याजवळ बस. ४ लाखांत ४० हजार व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग), कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी, विमा हे सगळं मोजलेलं असतं. त्यातलं महिन्याला हातात काहीच येत नाही. उरलेल्यातून तुझा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. त्यांना वाटतंय तू ३३ हजार कमावतोस आणि २३ हजार उडवतोस. तू काहीच उडवत नाहीस, हे त्यांना कळायला हवं रे. घरी ३ हजार पाठव, पण पगाराच्या दिवशीच, न चुकता.