नाशिकमधून विषुववृत्तीय आयनांबराचा अभ्यास करता येईल का?

चुंबकीय विषुववृत्त भारतात तिरुनेलवेलीच्या परिसरातून जाते, मग नाशिकमध्ये राहून एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तेथील आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या भागातील विद्युतभारित कणांच्या थराचा) अभ्यास कसा करावा, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्येच भौतिकशास्त्र शिकवतो आणि माझ्या मते आपल्या शहराचे स्थान या विषयासाठी सोयीचेच आहे.

चुंबकीय विषुववृत्तावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषा जमिनीला समांतर असतात. दिवसा तेथे पूर्वेकडे रोख असलेले विद्युत क्षेत्र असल्यामुळे प्लाझ्मा (इलेक्ट्रॉन व आयन यांचा वायू) वर उचलला जातो, आणि पुढे गुरुत्वाकर्षण व दाबातील फरक यांमुळे तो क्षेत्ररेषांच्या मार्गाने दोन्ही बाजूंना खाली उतरतो. परिणामी इलेक्ट्रॉनांची घनता प्रत्यक्ष विषुववृत्तावर कमी आणि सुमारे 15 अंश चुंबकीय अक्षांशाजवळ सर्वाधिक आढळते. उत्तरेकडील हे शिखर आपल्याकडे बहुधा अहमदाबादच्या आसपास असते, सौरक्रिया मंदावली की दक्षिणेकडे सरकते. नाशिक नेमके या चढावर येते.

हेच विद्युत क्षेत्र सुमारे 105 किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रोजेट हा अरुंद पट्ट्यातील विद्युत प्रवाह वाहवते. (केरळमधील थुंबा येथून 1963 मध्ये पहिला अग्निबाण सोडला गेला; त्या जागेची निवड झाली, ती चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळेच.) इलेक्ट्रोजेटची तीव्रता मोजण्याची रीत मला फार आवडते: तिरुनेलवेली आणि अलिबाग येथील चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकांतून आपापली मध्यरात्रीची पातळी वजा करावी आणि उरलेल्या मूल्यांतील फरक घ्यावा. अलिबाग इलेक्ट्रोजेटच्या अरुंद पट्ट्याबाहेर असल्याने दोन्हीकडे सारखे असलेले बदल बहुतांशी निघून जातात.

आपल्या बाजूला, म्हणजे नाशिकमध्ये, हवा तो द्विवारंवारता जीपीएस ग्राहक (उपग्रहाचे संकेत दोन वारंवारतांवर टिपणारे यंत्र). आयनांबरामुळे होणारा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने दोन वारंवारतांवरील विलंबांच्या फरकातून मार्गावरील एकूण इलेक्ट्रॉनसंख्या काढता येते. दर चौरस मीटरला 10¹⁶ इलेक्ट्रॉन म्हणजे एल-1 या जीपीएसच्या मुख्य वारंवारतेवर सुमारे 16 सेंटिमीटर विलंब. उपग्रह आणि ग्राहक यांची यंत्रजन्य त्रुटी मात्र आधी वजा करावी, अन्यथा पहाटेची इलेक्ट्रॉनसंख्या ऋण येण्यासारखे हास्यास्पद आकडे हाती पडतात. सकाळचा इलेक्ट्रोजेट प्रबळ असलेल्या दिवशी काही तासांनी नाशिकवरील इलेक्ट्रॉनसंख्या किती वाढते, आणि प्रवाह उलटा वाहतो त्या दिवशी ती किती घटते, एवढी तुलना प्रकल्पाला पुरेशी आहे.

सूर्यास्तानंतरचे प्लाझ्मा बुडबुडे (आयनांबरात वर चढणारे कमी घनतेचे भाग) अधिक आकर्षक वाटतील, परंतु ते या प्रकल्पात घेऊ नयेत. नाशिकच्या अक्षांशावर परिणाम दिसण्यासाठी बुडबुडा विषुववृत्तावर साधारण 700 किलोमीटर उंचीपर्यंत चढावा लागतो. असे मुख्यतः सौरक्रिया तीव्र असताना, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास घडते, आणि आपले सत्र सूर्याच्या सोयीने ठरत नाही.