नाक खाली, कान बंद

प्रश्न : आमचा बीगल जातीचा कुत्रा ‘बंड्या’ दीड वर्षाचा आहे. आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतो. घरात ‘बस’ म्हटलं की बसतो, पण सकाळी सोमेश्वरला नेलं की नाक जमिनीला लावून मला फरफटत नेतो. हाका मारून घसा बसला तरी वळून बघत नाही. आम्ही कामावर गेलो की कोल्ह्यासारखा गळा काढतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. सासरे त्याला प्रसादाचा शिरा भरवतात आणि वर म्हणतात, हा बिनडोकच आहे. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, सासऱ्यांना सांगा, बंड्या बिनडोक नाही. तो ड्यूटीवर असतो, इतकंच.

आपल्याकडचा कारवानी कुत्रा आठवा. सडपातळ, लांब पायांचा. तो सावज नजरेनं टिपतो आणि सुसाट सुटतो. सावज दिसेनासं झालं की त्याचा खेळ संपला. बीगलचा खेळ तिथून सुरू होतो. इंग्लंडात ही जात जोपासली ती सशाच्या शिकारीसाठी, तीही पायी शिकारीसाठी. कळप पुढे, धापा टाकणारा मालक मागे. ससा दिसतच नाही, नुसता वासावर माग काढायचा, तासन्‌तास. असल्या कामात दर हाकेला मागे वळणारा कुत्रा काय कामाचा?

राणी पहिल्या एलिझाबेथच्या दरबारी इतके बुटके बीगल होते की त्यांना ‘खिशातले बीगल’ म्हणत. आजच्या बीगलचं मूळ मात्र १८३० च्या दशकात एसेक्समधल्या फिलिप हनीवूड या पाद्र्यानं पाळलेल्या कळपात सापडतं. शेपटीचं टोक पांढरं ते उंच गवतातही दिसावं म्हणून, आणि तो लांबलचक सूर मागे राहिलेल्या मालकाला ऐकू जावा म्हणून. तुमच्या शेजाऱ्यांना ऐकू येतो तो हाच. त्यात ही कळपातली जात, एकटेपणा तिला सोसत नाही. दिवसभर कुलूपबंद ठेवणार असाल तर तो गाणारच. दुपारी कुणीतरी तासभर येऊन बसेल अशी सोय करा.

फिरायला नेताना गळ्यात पट्टा नको, छातीला हार्नेस बांधा. मोकळा मात्र कधीही सोडू नका, रस्ता ओलांडताना त्याला गाडी दिसत नाही, वास दिसतो. पहिली वीस मिनिटं त्याला हवं ते हुंगू द्या. घरीही जेवण ताटलीत वाढण्यापेक्षा थोडं थोडं लपवून ठेवा, शोधू द्या. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळांवर प्रवाशांच्या सामानातली फळं-मांस हुडकायला बीगलच ठेवले आहेत, आणि त्यांचा पगार म्हणजे तोंडात पडणारा खाऊ. बीगल खाण्याला नाही म्हणत नाही, म्हणूनच लवकर लठ्ठही होतो. पावसाळ्यात ते लोंबते कान आतून कोरडे ठेवा.

आता शिऱ्याकडे येतो. तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती त्याचीच. प्रसादाच्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि द्राक्षं आणि बेदाणे, दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. किती खाल्ले तर चालतील याचा भरवसा नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखादा थोडक्यात जातो. माझीच कुत्री चिंगी एका फेब्रुवारीत दिंडोरीकडे भाच्याच्या द्राक्षबागेत वेलींखाली पडलेले मणी टिपत हिंडली, आणि मी, जनावरांचा डॉक्टर, मांडवाच्या सावलीत चहा पीत ‘बघा कशी रमलीय’ म्हणत होतो! लक्षात आल्याबरोबर तिला उलटी करवली, मग दोन दिवस सलाईन. वाचली. तुमच्याकडे असं झालं तर ‘बघू, ओकतोय का’ म्हणून थांबू नका, मिठाचं पाणीही पाजू नका, तडक डॉक्टर गाठा.

आणि शिऱ्याची वाटी खुर्चीशेजारी ठेवून सासऱ्यांनी डुलकी काढू नये. बंड्याला ती तीन खोल्यांपलीकडूनही सापडेल.