अलिबागजवळच्या आमच्या गावात मुंबईच्या मालकाने बंगल्याला कुंपण घालून समुद्राकडे जाणारी जुनी पाखाडी बंद केली. गावाला ती उघडून घेता येईल का?

येईल, पण ती वाट कागदावर कशी आहे यावर सगळं अवलंबून आहे. गावनकाशात पाखाडी असेल तर बाजू भक्कम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक वाटा आणि भरतीरेषेखालचा समुद्रतळ सरकारचा असतो. दोन्ही बाजूंच्या वाड्या एकाच मालकाने विकत घेतल्या म्हणून मधली वाट त्याची होत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल काढा, मोजणी मागा आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडून तहसीलदारांकडे अतिक्रमण काढण्याचा अर्ज द्या. त्याच वाटेने कुणी शेतात किंवा नारळी-पोफळीच्या वाडीत जात असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांपुढे दावाही लावता येतो. मात्र त्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांचीच मुदत आहे. गावं इथेच चुकतात: मालक दिवाळीत आला की बोलू, असं म्हणता म्हणता मुदत टळते.

नकाशात वाट नसेल आणि ती संपूर्ण खासगी जमिनीतून जात असेल, तर लढाई कठीण आहे. तेव्हा दिवाणी न्यायालयात २० वर्षांची उघड, अखंड वहिवाट सिद्ध करावी लागते. त्यासाठी जाळी-होड्या नेणाऱ्या कोळ्यांचे आणि वृद्ध ग्रामस्थांचे जबाब आताच लिहून घ्या. कुंपण मात्र स्वतः तोडू नका. गुन्हा तुमच्याच पोरांवर दाखल होईल.