आधी मेडिकल, मग कर्ज

इंडिगोने २०२३ मध्ये एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली, ते वाचून तू पायलट व्हायला हुरळलायस, कळतंय मला. पण त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी जमिनीवर बसली, आणि २०१९ मध्ये जेट एअरवेजचे मुरलेले कॅप्टनही घरी बसले होते. या धंद्याला भरती-ओहोटी आहेच. म्हणून बाबांना शेत गहाण टाकायला लावण्याआधी डीजीसीएची, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाची, क्लास १ मेडिकल (वैमानिकाची आरोग्य तपासणी) करून घे. मग लेखी परीक्षेचे पेपर काढ, नंतर फ्लाइंग. २०० तास भरून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आलं की लगेच नोकरी नाही रे, टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा, खर्च वेगळाच! मधल्या काळात हप्ते कोण भरणार, हे आजच घरी बोल. पायलटशिवाय उडणाऱ्या विमानांची धास्ती मात्र मी तरी घेणार नाही.