पॉवर, काउंटर, झोन की स्वीप: अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी धावण्याची कोणती खेळी?

नमस्कार. आपण उत्तर कॅरोलिनातून लिहिले आहे की मुलाच्या अमेरिकन फुटबॉल संघात आपण हौसेने साहाय्यक प्रशिक्षकाचे काम पाहता, मुले अकरा-बारा वर्षांची आहेत, संघाच्या वहीत धावण्याच्या चौदा खेळी आहेत आणि त्यांतली एकही धड चालत नाही. तेव्हा यांतली सर्वांत चांगली खेळी कोणती, असा आपला प्रश्न आहे. ओहायोत याच वयाच्या मुलांच्या लाइनला (धावणाऱ्याची वाट मोकळी करणाऱ्या पुढच्या फळीला) शिकवताना आमचा संघ अगदी याच पेचात सापडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. डाउन म्हणजे काय, लाइनमध्ये कोण कुठे उभा राहतो, हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. खेळीचा गुण कागदावर ठरत नाही. आठवड्याला जेवढा सराव मिळतो तेवढ्यात आपली लाइन कोणता ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे) नीट शिकू शकते, यावर तो ठरतो, आणि या वयाच्या मुलांना कोनातून मारायचा ब्लॉक जमतो, झोनचा, म्हणजे ठरलेल्या भिडूऐवजी आपल्या वाटेत येईल त्याला अडवायचा, जमत नाही. ज्यांच्याकडे विलक्षण चपळ रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) आहे त्यांनी माझे म्हणणे सोडून द्यावे. तसा मुलगा असला की कोणतीही खेळी चांगलीच दिसते.

झोनविषयी माझ्या मनात मुळीच अढी नाही. १९९० च्या दशकात डेन्व्हरच्या संघात ॲलेक्स गिब्स यांनी लाइनला आउटसाइड झोन (कडेच्या दिशेने धावायचा झोन) असा घोटून शिकवला की १९९५ साली नव्या खेळाडूंच्या निवडीच्या सहाव्या फेरीत घेतलेल्या टेरेल डेव्हिसने १९९८ च्या हंगामात २,००८ यार्ड काढले. पुढच्या वर्षी तो जायबंदी झाल्यावर ओलँडिस गॅरीने १,१५९ आणि २००० साली माइक अँडरसनने १,४८७ यार्ड काढले. धावणारा बदलत राहिला तरी यार्ड पडत राहिले, हे त्या पद्धतीचे यश निर्विवाद आहे. परंतु ते रोज तोच सराव करणाऱ्या व्यावसायिक लाइनचे यश आहे, आणि त्यातला पाठीमागच्या बाजूचा कमरेखालचा ब्लॉक मुलांच्या कित्येक लीगमध्ये चालतच नाही.

झोनमध्ये मुले नेमकी कुठे अडतात ते पाहा. सेंटर (चेंडू मागे देणारा मधला लाइनमन) आणि त्याच्या शेजारचा गार्ड यांनी खांद्याला खांदा लावून समोरच्या एका भिडूला मागे रेटायचे असते, आणि लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा असलेला खेळाडू) ज्या बाजूने पुढे येईल त्या बाजूच्या मुलाने तेवढ्यात सुटून त्याला अडवायचे असते. कबड्डीत साखळी धरलेल्या दोघांपैकी कोणी हात सोडून पुढे झेपावायचे हे जसे न बोलता ठरावे लागते, तसाच हा प्रकार आहे. बारा वर्षांची मुले एक तर दोघेही एकाच वेळी सुटतात, किंवा दोघेही शेवटपर्यंत त्याच भिडूला चिकटून राहतात आणि लाइनबॅकर मोकळाच पुढे येतो. त्याच वेळी मागचा रनिंग बॅक कोणती फट उघडली आहे ते शोधत जागच्या जागी पाय वाजवत उभा असतो. झोनमध्ये एकदाच वळून सरळ पुढे जायचे असते, आणि मुलांना नेमके तेच जमत नाही.

पॉवरमध्ये हा निर्णयच उरत नाही. ज्या बाजूने धावायचे त्या बाजूचे लाइनमन आपल्या आतल्या अंगाला असलेल्या भिडूला बाजूने धडकतात, त्यामुळे लहानखुरा मुलगाही आपल्यापेक्षा वजनदार मुलाला हलवू शकतो. फुलबॅक (रनिंग बॅकला वाट करून देणारा दुसरा बॅक) टोकाच्या बचावपटूला बाहेर ढकलतो आणि दुसऱ्या बाजूचा गार्ड लाइनच्या मागून पळत येऊन त्या फटीतून लाइनबॅकरवर जातो. प्रत्येकाला एकच काम असते आणि ते चेंडू सुटण्यापूर्वीच ठाऊक असते.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे गार्ड निघून गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत सेंटरने मागे वळून भिडू अडवला नाही, तर तिथून आत आलेला मुलगा रनिंग बॅकला पाठीमागून गाठतो, आणि बाजूने पाहणाऱ्या पालकांना वाटते की बॅकच मंद आहे. दुसरी गोष्ट गार्डच्या हाताची. सरळ पुढे जायचे असते तेव्हा मुलगा जमिनीवर टेकलेल्या हातावर भार देतो, त्यामुळे बोटांची पेरे पांढरी पडतात. मागून पळायचे असते तेव्हा तो भार टाचांवर घेतो आणि हात नुसता टेकलेला राहतो. समोरचा चाणाक्ष मुलगा हे दोन-तीन खेळींत ओळखतो. म्हणून प्रत्येक खेळीला हातावर सारखाच भार ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आमच्या लीगच्या कार्यालयाने हंगामाच्या सुरुवातीला सर्व संघांना एक छापील वही पाठवली होती, तिच्यात सगळा झोनच होता, आणि सोबतच्या पत्रात ही वही सर्व संघांना बंधनकारक असल्याचे म्हटले होते. पहिल्या काही सामन्यांत मुलांचे हाल पाहून आम्ही पॉवर आणि ट्रॅप (याविषयी पुढे लिहितो) शिकवण्याची लेखी परवानगी मागितली. उत्तर आले नाही. दूरध्वनी केला की अर्ज समितीकडे गेल्याचे सांगत, आणि समिती कधी बसते हे त्या कार्यालयात कोणालाही सांगता येत नसे. हंगाम संपत आला तेव्हा अर्ज परत आला, कारण त्यावर मुख्य प्रशिक्षकाऐवजी साहाय्यकाची सही होती. वैताग याचा की लीगची नियमावली शेवटी हातात पडली, तेव्हा तिच्यात वही बंधनकारक असल्याचे कलमच नव्हते. ते वाक्य फक्त त्या पत्रात होते. तोवर लाइनमधल्या दोन मुलांनी खेळ सोडला होता, आणि वर्षभर दर शनिवारी मार खाल्लेल्या मुलाला पुन्हा मैदानावर आणणे किती कठीण असते हे आपल्याला सांगायला नको. आपल्याकडेही अशी वही लादली गेली असेल, तर तोंडी सांगण्यावर विसंबू नका. कलम क्रमांक लेखी मागा आणि अर्जावर मुख्य प्रशिक्षकांचीच सही घ्या. प्रत्येक लीग अशीच असते असे मात्र मी म्हणत नाही.

काउंटरबद्दल आपण विशेष विचारले आहे. वॉशिंग्टनच्या संघाने जो गिब्स यांच्या हाताखाली १९८० च्या दशकात ही खेळी गाजवली आणि जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये (व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात) टिमी स्मिथ या नवख्या बॅकने २०४ यार्ड काढले, तेही डेन्व्हरविरुद्ध. पुढे त्याचे नाव फारसे ऐकू आले नाही, यावरून श्रेय लाइनला किती द्यायचे ते आपणच ठरवा. यात बॅक पहिले पाऊल उलट्या दिशेने टाकतो, गार्ड आणि टॅकल (गार्डच्या बाहेरचा लाइनमन) दोघेही मागून पळत येतात, आणि बचाव चुकीच्या बाजूला सरकलेला असतो. गंमत अशी की बचाव सरकण्यासाठी त्याला आधी पॉवरची धास्ती बसलेली हवी. मुलांच्या सामन्यात आणखी एक घोटाळा होतो: जो लाइनबॅकर मुळात गोंधळून जागेवरच उभा राहतो, तो फसत नाही, आणि काउंटर नेमका त्याच्याच अंगावर येतो. म्हणून पॉवर दोन-तीन सामन्यांत चालू लागल्यावरच काउंटर शिकवावा. पळणाऱ्या गार्डचे तंत्र तेच असल्याने तो फारसा वेळ खात नाही.

ट्रॅप मला स्वतःला फार आवडतो, परंतु तो समोरचा बचावपटू पाहून वापरावा. अंगावर धावून येणाऱ्या आडदांड मुलाला मुद्दाम मोकळे सोडायचे आणि तो दोन पावले आत आला की गार्डने बाजूने येऊन त्याला उडवायचे, हे जमले की तोच मुलगा पुढच्या वेळी बिचकतो. पिट्सबर्गच्या संघाने १९७० च्या दशकात फ्रँको हॅरिसला घेऊन ही खेळी मुबलक वापरली. मात्र समोरचा मुलगा जागेवर थांबून पाहणारा असेल, तर ट्रॅप वाया जातो.

स्वीपचा मोह प्रत्येक पालकाला होतो: सर्वांत वेगवान मुलाला चेंडू द्यायचा आणि कडेने पळवायचे. प्रशिक्षक लोम्बार्डी यांच्या ग्रीन बेच्या संघाचा स्वीप गाजला, पण तिथे जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन्ही गार्ड पुढे पळत आणि लाइनच्या टोकाला उभा राहणारा टाइट एंड टोकाच्या बचावपटूला धरून ठेवी. तो नुसता शर्यतीचा मामला नव्हता. शिवाय मैदानाची मापे लक्षात घ्या. मैदानाची रुंदी १६० फूट असते. शालेय मैदानावर हॅशच्या खुणा (ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून खेळी सुरू करतात त्या) ती रुंदी तीन समान भागांत विभागतात, म्हणजे चेंडू हॅशवर असेल तर एका बाजूला सुमारे १८ यार्ड आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ३५ यार्ड जागा उरते. व्यावसायिक मैदानावर या खुणा मध्याच्या बऱ्याच जवळ, एकमेकींपासून साडेअठरा फुटांवर असतात, त्यामुळे दूरदर्शनवर दिसणारा अरुंद बाजूचा स्वीप तिथे चालून जातो. आपल्या मैदानावर त्या बाजूला सीमारेषाच बारावा बचावपटू ठरते. स्वीप मोकळ्या बाजूलाच खेळावा.

ड्रॉ, म्हणजे पासचा आव आणून केलेली धाव, सोडून द्या. पास करतील अशी भीतीच नसलेल्या संघाचा ड्रॉ म्हणजे उशिरा सुरू झालेली धाव. फिलाडेल्फियाच्या धर्तीवर क्वार्टरबॅकला (सेंटरकडून चेंडू घेणाऱ्याला) मागून ढकलण्याची फर्माईश मुले करतीलच. मे २०२५ मध्ये ती खेळी बंद करण्याच्या प्रस्तावाला आवश्यक २४ ऐवजी २२ मतेच मिळाल्याने ती व्यावसायिक खेळात टिकली, पण शालेय नियमांत धावणाऱ्याला ढकलणे सहसा निषिद्ध असते आणि या वयात मानेच्या दुखापतीचा धोका मला पत्करावासा वाटत नाही.

तेव्हा चौदा खेळींपैकी पॉवर, ट्रॅप, मोकळ्या बाजूचा स्वीप आणि नंतर काउंटर एवढ्याच ठेवाव्यात, असे माझे मत आहे. या चारही खेळींत गार्ड मागून पळतो, म्हणून सरावाचा बराच वेळ दोन गार्ड आणि सेंटर यांच्यावरच घालवा. बाकीचे प्रशिक्षक कुरकुर करतील, करू द्या. चित्रफीत काढत असाल तर ती बाजूने न काढता गोलपोस्टच्या मागून, जमेल तितक्या उंचावरून काढा. बाजूने काढलेल्या चित्रफितीत चेंडू तेवढा दिसतो, सेंटर मागे वळला की नाही ते कळत नाही.