इफुगाव दागिन्यांचा मान

प्रश्न : फिलिपिन्समधील इफुगाव लोकांत दागिन्यांवरून घराण्याची प्रतिष्ठा कळते, ती कशी? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : लुझोन बेटाच्या उत्तरेकडील डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती करणाऱ्या या समाजात भरपूर भातजमीन असलेल्या धनिकांना ‘कडांग्यान’ म्हणतात, आणि वाडवडिलांकडून आलेल्या अकिकाच्या माळा व सोन्याचे ‘लिंगलिंग-ओ’ ही त्यांची ओळख असते. लिंगलिंग-ओ म्हणजे खाली बारीक फट ठेवलेले जाडसर, लहानसे कडे. ते कानात किंवा गळ्यात घालतात, आणि ते पितळेचेही असते. आपल्या निपाणी-खानापूरकडे आजीची बोरमाळ सुनेच्या गळ्यात येते, तसाच हा वारसा आहे. मात्र तिथे नुसत्या सोन्याने भागत नाही, मानासाठी गावजेवणही घालावे लागते (आपल्याकडे तरी ते कुठे चुकते म्हणा!). अतिश्रीमंत घरापुढे तर एका ओंडक्यातून कोरलेला ‘हगाबी’ नावाचा भलामोठा बाक असतो.